आरोग्याच्या विद्यार्थ्यांना खरं गाव दाखवा

आपल्याकडं पेरण्या उरकतात, त्याच सुमारास शहरातल्या शिक्षणसंस्थांत नव्या तुकड्या दाखल होतात. त्यांत एक तुकडी सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची असते. पहिले काही महिने वर्गात काढून झाले, की ही पोरं गावाकडं पाठवली जातात. एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप ग्रामपंचायतीसमोर उभी राहते, त्यातून पाच-दहा तरुण पोरं-पोरी उतरतात, हातात फॉर्मांचे गठ्ठे असतात, हल्ली मोबाइल किंवा टॅब असतो, आणि सोबतची आशाताई सांगते, "हे कॉलेजचे विद्यार्थी हायती, घरोघरी माहिती घ्यायची हाय."

यावर गाव दोनपैकी एका रीतीनं वागतं. पहिली रीत सत्काराची. सरपंच शाल-श्रीफळ आणवतात, शाळेतली पोरं रांगेनं उभी करतात, फोटो निघतो, आणि पाहुण्यांना मारुतीच्या देवळापासून ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीपर्यंत सिमेंटच्या रस्त्यानं फिरवून आणतात. दुसरी रीत कंटाळ्याची. "आले पुन्हा फॉर्मवाले! मागच्या साली बी लिहून नेलं, पुढं काय झालं?" असं म्हणून बाई दारातूनच वाटेला लावते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, सरपंचसाहेब, पोलीस पाटील आणि भाऊसाहेब (२०२४ पासून कागदावर 'ग्रामपंचायत अधिकारी' झालात, तरी गावाच्या तोंडी तुम्ही भाऊसाहेबच आहात), या दोन्ही रीती गावाच्या तोट्याच्या आहेत. पहिलीत विद्यार्थी खोटं शिकून जातो. दुसरीत काहीच न शिकता जातो. आणि ही पोरं उद्या जिल्हा आरोग्य कार्यालयात, मंत्रालयात, संस्थांमध्ये बसून आपल्या गावाच्या दवाखान्याचं, पाण्याचं, औषधाचं नियोजन करणार आहेत. तेव्हा त्यांचं स्वागत कसं करावं, हा पाहुणचाराचा नसून गावाच्या हिताचा प्रश्न आहे.

ही पोरं नेमकं शिकतात तरी काय?

पुष्कळांचा समज असतो, की आरोग्याचे विद्यार्थी आले म्हणजे डॉक्टर आले. मग म्हातारी गुडघा पुढं करते, कुणी बीपी तपासा म्हणतं, आणि पोरांनी "आम्ही औषध देत नाही" म्हटलं, की लोकांचा विरस होतो. म्हणून आधी हे समजून घेऊ.

तुरीच्या वावरात एक झाड वाळलं, तर तुम्ही ते उपटून मुळं पाहता. पण दहा-वीस झाडं एकाच पट्ट्यात वाळायला लागली, तर एकेका झाडाकडं बघत बसत नाही. पाणी कुठं साचतंय, मागच्या साली इथं काय होतं, बियाणं कुठून आणलं, शेजारच्या बांधाला काय आहे, हे बघता. दवाखान्यातला डॉक्टर एकेक झाड बघतो. सार्वजनिक आरोग्य शिकणारा सगळं वावर बघायला शिकतो. एकाच आळीत चार पोरांना जुलाब का लागले? एका वस्तीतल्या बाळंतिणीच दवाखान्यात उशिरा का पोचतात? फवारणीच्या दिवसांत मजुरांना चक्कर का येते? या 'का'चा शोध घेणं हे त्यांचं काम.

हे शिक्षण घ्यायला डॉक्टरच असावं लागतं असंही नाही. एम.बी.बी.एस., बी.ए.एम.एस. झालेले असतात, तसे नर्सिंग, समाजकार्य, संख्याशास्त्र शिकलेलेही असतात. आपल्या देशात हे शिक्षण जुनं आहे. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ साली सुरू झाली. वर्गात बसून हा विषय येत नाही हे त्या संस्थेलाही लवकरच उमगलं, आणि १९३९ साली कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ग्रामीण आरोग्य केंद्र उघडलं गेलं. पुढं १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीनं आपला अहवाल दिला. आज आपण जी प्राथमिक आरोग्य केंद्रं बघतो, त्यांची कल्पना त्या अहवालातली. डॉक्टर नुसता रोग बरा करणारा नसावा, समाजाचं आरोग्य राखणारा असावा, म्हणून त्याला प्रतिबंधक आरोग्याचं खास शिक्षण द्यावं, असंही त्या समितीनं सांगितलं.

आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथं प्रत्येक नव्या तुकडीनं एक गाव दत्तक घ्यायचं, त्या गावात राहायचं, घरं वाटून घ्यायची, असा शिरस्ता पडला. २०२२ पासून तर देशातल्या सगळ्याच एम.बी.बी.एस. विद्यार्थ्यांना काही कुटुंबं दत्तक घेण्याचा कार्यक्रम लागू झाला आहे. म्हणजे पदव्युत्तरवाली पोरं येवोत, नाहीतर पहिल्या वर्षाची, गावात विद्यार्थी येणं आता वाढणारच आहे. गाव ही त्यांची शाळा झाली. मग शाळेनंही आपलं शिकवण्याचं काम नीट करायला नको का?

नकाशा विद्यार्थ्याचा, माहिती गावाची

सार्वजनिक आरोग्य शिकायला गेलेल्या जगातल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतात. लंडनची गोष्ट आहे, १८५४ सालची. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास पटकी पसरली. थोड्याच दिवसांत सहाशेच्या वर माणसं दगावली. तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांचाही समज होता, की पटकी घाण हवेतून येते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला मात्र पाण्याचा संशय होता. त्यानं कुठल्या घरी किती मेले याची टिपणं काढली, आणि सगळे मृत्यू एका हातपंपाभोवती गोळा झालेले दिसले. जवळच्या दारूभट्टीतले कामगार मात्र वाचले होते. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते, त्यांना भट्टीतली बिअर मिळत होती. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकला.

इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. पण आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढं आहे. त्या वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचा एक तरुण पाद्री होता. त्याला स्नोचं म्हणणं पटलं नव्हतं. ते खोटं ठरवावं म्हणून तो घरोघर फिरला. त्याला फिरायला नकाशा लागत नव्हता. कुणाच्या घरी कोण आजारी, कुठली विधवा कुणाकडं पाणी आणायला पोरगं पाठवते, हे त्याला माहीत होतं. लोक त्याच्याशी मोकळं बोलत. फिरता फिरता त्यालाच पटलं, की डॉक्टर म्हणतोय ते खरं आहे. इतकंच नव्हे, साथीची सुरुवात कुठून झाली तेही त्यानंच शोधलं. पंपाला लागून असलेल्या घरात एक तान्हं बाळ आधी जुलाबानं गेलं होतं. त्याच्या आईनं लंगोट धुतलेलं पाणी घरापुढच्या शोषखड्ड्यात टाकलं होतं, आणि खड्ड्यातलं पाणी झिरपून विहिरीत उतरत होतं.

आता सांगा, त्या पाद्र्याच्या जागी आपल्या गावात कोण आहे? आशाताई आहे, अंगणवाडीची बाई आहे, पोलीस पाटील आहे, पाणी सोडणारा शिपाई आहे, दाई म्हणून काम केलेली म्हातारी आहे. पाइपलाइन कुठं गटारातून जाते हे शिपायाला माहीत असतं. कुणाच्या सुनेला तिसऱ्यांदा दिवस जाऊन मूल राहिलं नाही, हे म्हातारीला माहीत असतं. विद्यार्थ्यानं कितीही चांगला नकाशा काढला, तरी त्यात काय भरायचं ते या माणसांकडून येणार. म्हणून विद्यार्थी आले, की त्यांना पुढाऱ्यांच्या ओट्यावर बसवून ठेवू नका. या माणसांच्या हवाली करा.

जोरजबरदस्तीचं आरोग्यही आपण पाहिलं आहे

आरोग्याचं काम लोकांना न विचारता केलं तर काय होतं, हे आपल्या मराठी मुलुखाइतकं कुणाला माहीत असणार? १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारनं रँडसाहेबाला प्लेगचा कारभार सोपवला. सोल्जर घराघरांत घुसले. देवघर बघितलं नाही, स्वयंपाकघर बघितलं नाही, बायामाणसांची अब्रू बघितली नाही. रोगी शोधून वेगळा काढणं हे काम चुकीचं नव्हतं. करण्याची रीत अशी होती, की लोक रोगी लपवू लागले, आणि लपवलेला रोगी रोग वाढवतो. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

त्याच साली, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होते. रोग्यांना आणता आणता सावित्रीबाईंना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच साथीतल्या या दोन रीती. गावात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगायला हरकत नाही. परवानगी न घेता उंबरा ओलांडू नये, हे मराठी माणूस उगाच म्हणत नाही.

जामखेड आणि गडचिरोलीनं काय शिकवलं

"शिकून पोरं निघून जातात, परत कोण येतंय?" असं म्हणणाऱ्यांनी दोन नावं आठवावीत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. दुष्काळी तालुका. त्यांच्याकडं औषधं होती, पण लोकांना आधी पाणी आणि पोटाला अन्न हवं होतं. आरोळे दांपत्यानं ते ऐकलं. विहिरी, पाणी, पीक यांपासून काम सुरू झालं. मग गावानंच निवडून दिलेल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या पुष्कळ बाया अक्षरशत्रू होत्या, दलित होत्या. ज्या बाईला गावात कुणी विचारत नव्हतं, ती बाळंतपण, लसीकरण, पोरांचं वजन यांचा हिशेब ठेवू लागली. आज जगभरातून विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात. ते त्या बायांसमोर वही घेऊन बसतात.

दुसरं नाव गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही अमेरिकेतल्या त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले. राणीताईंनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रियांचे काही ना काही आजार निघाले, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त आठ होत्या. बंधूंनो, ही काही परक्या मुलखातली गावं नव्हती. आपल्या घरातल्या बाया अंगावर दुखणं काढतात, ते कुणी विचारलं नाही म्हणून कुणाला कळलं नाही.

पुढं त्यांच्याच संस्थेनं ३९ गावांत गावच्याच बायांना तान्ह्या बाळाची घरी जाऊन काळजी कशी घ्यायची ते शिकवलं. जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आपल्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी फेऱ्या मारते, बाळाचं वजन करते, त्यामागं ही गडचिरोलीतली गावं आहेत.

कोकणातलं उदाहरण घ्या. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात तरुण डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून घामापासून नाडीपर्यंत एकेक लक्षण टिपून ठेवलं. पूर्वी लाल विंचवाच्या दंशानं शंभरातले तीस-चाळीस रोगी जात. त्यांनी सुचवलेल्या उपचारानं हे प्रमाण एका टक्क्यावर आलं. ही विद्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत सापडली नाही, खेड्यातल्या खाटेशी सापडली.

आता आपल्या चुका

विद्यार्थी गावात येतो तेव्हा गाव काय करतं, ते स्पष्ट बोलू. राग आला तरी चालेल.

आपण आकडे लपवतो. हागणदारीमुक्तीची पाटी वेशीवर लागली, की बंद पडलेल्या संडासात सरपण भरलेलं आहे हे कुणी सांगत नाही. पाटी खोटी पडेल, बक्षीस जाईल, साहेब रागावतील ही भीती. बाळ जन्मून दोन दिवसांत गेलं, तर ना जन्माची नोंद, ना मृत्यूची. कायद्यानं २१ दिवसांत नोंद व्हायला हवी, पण "जीव होता तरी किती, कशाला कागद" म्हणून सोडून देतात. २००१ साली राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी दप्तरात दिसतात त्याहून किती तरी जास्त पोरं महाराष्ट्रात दगावतात, हे त्यातून बाहेर आलं आणि मोठी खळबळ उडाली. वावरात कीड नाही असं पंचनाम्यात लिहून दिलं, तर भरपाई कुठून येणार? तसंच हे आहे. ज्या गावात कागदावर एकही बाळ मेलं नाही, तिथं जादा नर्स कशाला, असंच वरचा अधिकारी म्हणणार.

आपण वस्त्या लपवतो. पाहुण्यांना गावठाणात फिरवतो. दलित वस्ती, पारधी पाल, ओढ्यापलीकडची धनगरवस्ती, मळ्यातली सालगड्याची झोपडी राहून जाते. आणि नेमकं दुखणं तिथंच जास्त असतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तर दिवाळीनंतर गावातच नसतात. विद्यार्थी जानेवारीत आले, तर कुलपं मोजून जातात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली गाजला, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. इतकी वर्षं इतक्या गावांत सर्व्हे झाले, मग हे आधी कसं दिसलं नाही? कारण विचारणारा आला तेव्हा ती बाई फडात होती.

आपण शेतातलं दुखणं आरोग्यात धरतच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. उंच वाढलेली कपाशी, उकाडा, तोंडाला नुसता रुमाल, एका टाकीत दोन-तीन औषधं कालवलेली. हे सगळं विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी बघायला पाहिजे. त्यांना अंगणवाडीतच बसवून ठेवू नका, बांधावर न्या. औषधाचे रिकामे डबे घरात कशाला वापरतात, फवारणारा मजूर हात कुठं धुतो, हे दाखवा. साप चावल्यावर माणूस आधी कुठं नेतात आणि आरोग्य केंद्रात प्रतिविष असतं का, हेही विचारू द्या.

गावानं काय मागावं

नुसतं द्यायचं आणि मागायचं काहीच नाही, हा व्यवहार आपण बाजार समितीत मान्य करत नाही, मग इथं का करावा? विद्यार्थी आणि त्यांचे गुरुजी गावात आले, की ग्रामपंचायतीनं पहिल्याच बैठकीत पुढच्या गोष्टी ठरवून घ्याव्यात.

१) काय विचारणार, कशासाठी विचारणार, हे आधी मराठीत समजावून सांगावं. ज्या घराला उत्तर द्यायचं नसेल त्यानं नाही म्हणावं, त्यावरून कुणाचं रेशन, घरकुल अडणार नाही, हे दवंडी देऊन किंवा गावच्या मोबाइल ग्रुपवर सांगावं.

२) बायांशी बाईनं बोलावं, आणि एकटीशी बोलावं. सासू, नवरा, सरपंच समोर उभे असतील तर सून काय सांगणार?

३) वेळ गावाची धरावी. कापूस वेचणीच्या, सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी घरी कोण सापडणार? सकाळी मजूर निघायच्या आधी किंवा दिवेलागणीनंतर यावं.

४) नाव, आजार, फोटो गावभर होऊ नये. क्षयरोग, एच.आय.व्ही., दारू, पाळीचा त्रास या गोष्टी वहीत राहाव्यात, चावडीवर येऊ नयेत.

५) जे सापडेल ते गावाला परत सांगावं. ही अट सर्वांत मोठी. अहवाल इंग्रजीत कॉलेजला जातो, मार्क मिळतात, विषय संपतो, हे बंद झालं पाहिजे. जाण्याआधी ग्रामसभा घ्यावी आणि दोन पानांचा मराठी गोषवारा वाचून दाखवावा. एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक उपकेंद्रात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या तुकडीनं ती वाचूनच काम सुरू करावं, म्हणजे तेच ते प्रश्न चौथ्यांदा विचारले जाणार नाहीत.

चांगल्या संस्था ही अट आनंदानं मान्य करतील. जी संस्था मान्य करणार नाही, तिला "तुमची पोरं दुसऱ्या गावाला न्या" असं सांगायचा हक्क ग्रामसभेला आहे.

गावाला यातून काय मिळणार?

"पोरं येऊन दवाखान्याला डॉक्टर मिळणार आहे का?" असं कुणी विचारेल. नाही मिळणार. गोळ्या-इंजेक्शनही मिळणार नाही. पण एक गोष्ट मिळू शकते, जी आपल्या नर्सबाईला आणि आशाताईला वेळेअभावी करता येत नाही. उपकेंद्राकडं सपाट मुलखात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या धरलेली असते. एवढ्या लोकांची रजिस्टरं भरता भरता नर्सबाईची दमछाक होते. दहा विद्यार्थी पंधरा दिवस राहिले, तर गावातला प्रत्येक नळ, प्रत्येक विहीर, प्रत्येक हातपंप तपासून होईल. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो का, पोतं ओलसर जागी उघडं पडून तिचा जोर गेलाय का, शेवटच्या घराच्या नळाला ओ.टी. टेस्टमध्ये पिवळा रंग येतो का, हे एका आठवड्यात कळेल. लाल कार्ड मिळाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे बरं.

आणि कळलं तर करायला पैसा नाही असंही म्हणता येणार नाही. १५व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. त्यातलं आपल्या गावात काय झालं, हे प्रत्येकानं दप्तर उघडून बघावं. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती गावोगावी कागदावर आहे. तिचे सदस्य कोण, हे किती गावकऱ्यांना सांगता येईल? गावविकास आराखडा करताना आपण रस्ता आणि सभामंडप यांच्यावर भांडतो, कारण आरोग्याचे आकडे समोर नसतात. विद्यार्थ्यांनी मोजून दिलेलं दोन पानी टिपण आराखड्याच्या बैठकीत ठेवलं, तर "अमक्या वस्तीची पाइपलाइन आधी" असं पुराव्यानिशी म्हणता येईल.

एक सूचना विद्यार्थ्यांनाही करायची आहे, सरपंचांनी ती त्यांच्या कानावर घालावी. पोरांनो, गावात या, बसा, चहा घ्या. पण पहिल्याच दिवशी "तुम्ही हात का धुत नाही" असं विचारू नका. आधी पाणी किती लांबून आणतात ते बघा, एक हंडा स्वतः आणून बघा. जेवायची सोय गावातल्या बायांवर टाकू नका, त्या आधीच दिवसभर राबलेल्या असतात. जे तुम्हाला अडाणीपणा वाटतं, त्यामागं पुष्कळदा पैशाचा, वेळेचा किंवा आधी आलेल्या वाईट अनुभवाचा हिशेब असतो. तो समजला, तर तुमची पदवी कामाची.

शेवटी आपल्या घरच्या पोरांविषयी. बारावी सायन्स झालं आणि डॉक्टरकीला नंबर लागला नाही, की घरात सुतक पडल्यासारखं होतं. नर्सिंग, बी.एस्सी., समाजकार्य, कृषी असं काही शिकलेल्या पोरापोरींना पुढं सार्वजनिक आरोग्याची वाट आहे, हे बऱ्याच आईबापांना माहीत नाही. तिरुअनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून हे शिक्षण चालतं, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही आहे. गावातून गेलेली पोरगी हे शिकली, तर तिला ओढ्यापलीकडच्या वस्तीचा रस्ता विचारावा लागणार नाही.

तेव्हा यंदा तुकडी यायची कळली, की सरपंचसाहेब, शालींची ऑर्डर देऊ नका. त्याआधीच्या आठवड्यात एवढं करा. आशाताई, अंगणवाडीताई, पाणी सोडणारा शिपाई आणि प्रत्येक वस्तीवरची एक बाई, अशांची बैठक घ्या. गावाला पडलेले तीन प्रश्न फळ्यावर लिहा. जन्म-मृत्यूचं रजिस्टर काढून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करा. आणि शेवटच्या दिवसाची ग्रामसभा पहिल्याच दिवशी जाहीर करून ठेवा, तारखेसकट.